विसनख्याच्या शेजारी

मित्रांनो, मी अठरा नखांचा एक म्हातारा गावठी कुत्रा आहे. नाव भुऱ्या. नखांचा आकडा आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या सुखाची माती त्याच आकड्याने केली.

बिलोली तालुक्यात, शेताला लागून असलेल्या एका घरी मी वाढलो. मालक रामलिंग आणि मालकीण कावेरीबाई. तरुणपणी मी रानडुकरांना हरभऱ्यात पाय ठेवू दिला नाही. संध्याकाळी मालक बाजेवर टेकले की त्यांचा एक हात खाली लोंबायचा आणि माझ्या पाठीवरून फिरत राहायचा. त्या हातासाठी मी रात्र रात्र जागलो आहे. दुसरं काही मला नकोच होतं.

मग नवाब आला. मालकांच्या मेहुण्याने, वैजनाथने, ते पिल्लू देगलूरहून पिशवीत घालून आणलं. बाहेर काढलं आणि आधी त्याचे मागचे पाय सगळ्यांना दाखवले. आम्हा साध्या कुत्र्यांना पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार नखं असतात. याच्या मागच्या पायांना आतल्या बाजूने, जरा वर, एकेक नख जास्तीचं लोंबत होतं.

"विसनख्या हाय, दाजी!" वैजनाथ म्हणाला. "असला कुत्रा वाघाला बी भेत न्हाई."

झालं! गावातला जो येई तो नवाबचा पाय धरून नखं मोजत बसे. नवाबला दुधात कुस्करलेली भाकर, मला कोरडी. नवाब बाजेवर, मी बाजेखाली. आणि मालकांचा हात आता वरच असायचा, खाली येईच ना. मी जळत होतो, मित्रांनो. उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही, अगदी उभा जळत होतो. त्यात हा पठ्ठ्या दिसायला राजबिंडा, पण डुकराचा वास आला की माझ्या मागे उभा राहून भुंकणार. ते मात्र कोणी मोजलं नाही.

आता नखांची एक गोष्ट ऐका. चालता-पळताना आमची नखं जमिनीला घासून झिजतात. वरच्या त्या नखाला जमीन लागतच नाही, म्हणून ते नुसतं वाढत राहतं. नवाबचं डाव्या पायाचं जास्तीचं नख आधी लांबलं, मग वळलं आणि शेवटी कानातल्या बाळीसारखं गोल झालं. टोक मांसाला टोचू लागलं, तसा तो ते सारखं चाटत बसे.

कावेरीबाई म्हणाल्या, "अवो, त्ये नख कापा की. रुतून राहिलंय बघा."

"येडी हायस का?" मालक म्हणाले. "नख कापलं तर विसनख्या कसा ऱ्हाईल त्यो?"

स्वतःची नखं हा माणूस दर सोमवारी ब्लेडने कापायचा आणि ती पुन्हा वाढतात हेही त्याला चांगलं ठाऊक होतं. पण गावात मिरवायचं म्हटलं की शहाण्या माणसालाही साधी गोष्ट सुचत नाही.

एका सकाळी मांजरामागे धावताना नवाबने हळदीच्या शेताच्या कुंपणावरून उडी मारली. ते गोल झालेलं नख तारेच्या जाळीत अडकलं आणि नवाब एका पायावर लटकला. असा केकाटला की झाडावरचे बगळे उडाले. मी धावत गेलो. मदतीला नव्हे हो! जाळीपाशी उभा राहून मी जीव तोडून भुंकलो, की या, सगळे या आणि वाघाला न भिणारा मांजरापायी कसा लटकलाय ते बघा.

माणसं आली. मालकांनी त्याला खालून उचलून धरलं, वैजनाथने पाय सोडवला. नख मुळातून उचकटलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. मालकांचे डोळे भरून आले. मला वाटलं, हाक दिली म्हणून निदान एक थाप तरी मिळेल.

"गप रं भुऱ्या!" एवढंच मिळालं.

कोणी म्हणालं जळकं ऑइल लावा, कोणी म्हणालं चुना भरा. कावेरीबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. जखमी जनावर ओळखीच्या हातालाही चावतं, म्हणून त्यांनी नवाबचं तोंड कापडाच्या पट्टीने अलगद बांधलं आणि जखमेवर स्वच्छ फडकं दाबून धरलं. तसंच त्याला मोटारसायकलवरून बिलोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथलं सगळं मला संध्याकाळी बाजेखाली बसून कळलं. डॉक्टरीणबाईंनी पाय बधिर करून नख काढलं, जखम धुतली, पट्टी बांधली. पट्टी कोरडी ठेवा, चाटू देऊ नका आणि माणसांची दुखण्यावरची गोळी चुकूनही देऊ नका, तिने कुत्रा मरू शकतो, असं बजावलं.

मालकांनी तिथेही विचारलंच होतं, "पर बाई, आता ह्येला विसनख्या म्हणता येतंय का न्हाई?"

"ते नख लढायला कामाला येत नाही, रामलिंगराव," बाई म्हणाल्या होत्या. "नुसतं अडकायला येतं. राहिलेलं तरी वेळेवर कापा."

मला वाटलं, आता याचा तोरा उतरेल. कसलं काय! मालक रोज त्याचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बदलू लागले. त्याच्याशी बोलू लागले. मित्रांनो, मला त्याच्या जखमेचासुद्धा हेवा वाटला.

जखम भरली. मालकांनी कुत्र्यांची नखं कापायची कात्री आणली आणि ओट्यावर बसून नवाबची नखं कापली. ते उठणार तेवढ्यात मी पुढे झालो आणि माझा पाय त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुझं काय रं?" त्यांनी पाय उलटून पाहिला. म्हातारपणी माझं पळणं कमी झालंय, त्यामुळे नखं वाढली होती. अंगठ्याचं तर पार वळलं होतं. "आरं, तुझं बी रुतायला आलंय की! कुणाचंच ध्यान न्हाई व्हय रं तुझ्याकडं?"

पांढऱ्या नखात रक्ताची शीर गुलाबी दिसते. माझी नखं काळी, तिथे काहीच दिसत नाही, म्हणून कडेकडेने थोडं थोडं कापावं लागतं. मालकांनी एकदम कापलं. कळ थेट मस्तकात गेली, रक्त आलं. मी हूं की चूं केलं नाही. ओरडलो असतो तर त्यांनी पाय सोडला असता.

रक्त दिसताच ते घाबरले. फडकं दाबून, माझा पाय दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसून राहिले. नवाब समोरून टक लावून बघत होता. बघू दे.

मित्रांनो, तुमच्या दारातल्या कुत्र्याचे पाय अधूनमधून हातात घ्या, लाडक्याचे घ्या आणि ज्याचं कोणी काही मोजत नाही त्याचेही घ्या. नखं थोडी थोडी कापा. चुकून जास्त कापलं गेलं आणि आम्ही ओरडलो, तरी लगेच पाय सोडू नका.