बटन कुणाच्या हातून गेलं

नोंदणीच्या खोलीचं दार बंद होतं आणि दाराबाहेर अख्खी लॅब गोळा झाली होती. रक्त देऊन आलेले पेशंट दंडावर कापूस दाबून उभे, रोखपाल हात जोडून उभा, आणि आमचे मोठे डॉक्टर, ज्यांच्या सहीशिवाय इथून एक अहवाल बाहेर पडत नाही, ते चक्क डोळे मिटून. आत स्पंदनगुरू एकटेच बसून कॉम्प्युटरला बरं करत होते.

"खोकू नका," रोखपाल मला म्हणाला. "गुरुजींची तार तुटेल."

दार उघडलं. कोट, टाय, गळ्यात तांब्याची चकती आणि चेहऱ्यावर बाळंतपण सुखरूप पार पाडल्याचं समाधान. गुरूंनी स्क्रीनकडे बोट केलं आणि बाहेर सगळ्यांचा आ वासला. ईमेलच्या प्रोग्राममध्ये, वरच्या पट्टीवर, 'अहवाल पाठवा' हे हिरवं बटन परत आलं होतं.

ते बटन म्हणजे ईमेलला बाहेरून जोडलेला एक छोटा प्रोग्राम. दाबलं की पेशंटचा अहवाल आपोआप शोधून, पासवर्ड लावून, त्याच्या पत्त्यावर जातो. नसलं की एकेक फाइल हाताने शोधा, आणि एकाचा अहवाल दुसऱ्याला गेला की बसा बोंबलत. गेले काही दिवस हे बटन सकाळी सकाळी गायब व्हायचं आणि नेमकं वहिनीच्याच मशीनवरून. दरवेळी गुरूंना बोलावणं जायचं, दरवेळी दार बंद व्हायचं, दरवेळी बटन परत यायचं.

वहिनी म्हणजे माझी सख्खी भावजय. माझा भाऊ गेला आणि वर्षाच्या आत ती म्हणाली, "मला कुणाच्या जिवावर बसून खायचं नाही. काम बघ." मी याच लॅबमध्ये दुसरी डॉक्टर. शब्द टाकला, ती नोंदणीला लागली. काम चोख, बोलणं गोड. नोकरी कायम व्हायची तेवढी बाकी होती.

बटन जायला लागलं तेव्हा तिला दुसरं मशीन दिलं. तर त्यावरूनही बटन गेलं. तिच्या जुन्या मशीनवर रोखपाल बसला, तिथे सगळं ठणठणीत. झालं. "हिचा हात लागला की जातं," रोखपाल कुजबुजला, आणि कुजबुज गुरूंच्या कानापर्यंत पोचली.

"यंत्रालाही श्वास असतो, डॉक्टर," गुरू आता मोठ्या डॉक्टरांना समजावत होते. "क्वांटम पातळीवर. जिचं सौभाग्य गेलं, तिच्या बोटांतून उणे लहरी निघतात. आज मी बटन बोलावून आणलं. उद्या येईलच असं नाही. मूळ उपटा."

ते मूळ तिथेच उभं होतं, पेशंटसाठी आणलेला पाण्याचा ग्लास हातात धरून. एकानेही तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गुरुजी, मी दाराला कान लावला होता. मंत्र कमी आणि माऊसची टिकटिक जास्त ऐकू आली. लहरींना माऊस कशाला लागतो?"

"तो स्पर्शयोग आहे, बाई."

"मग पुढच्या वेळी दार उघडं ठेवून करा."

"दार उघडलं की ऊर्जा गळते."

"ऊर्जा गळते की पितळ उघडं पडतं?"

"पुरे," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुमची भावजय आहे म्हणून तुम्हाला झोंबतंय. तिला काही दिवस घरी राहू दे. मग कायमचं काय ते ठरवू."

आयुष्यभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला हा माणूस. पेशंटला कावीळ झाली तर शेजारीण आडवी गेली म्हणून झाली, असं अहवालात लिहील का? मग एका बाईच्या बाबतीत याची विद्या कुठे शेण खायला जाते?

दुसऱ्या दिवशी वहिनी घरी होती. मी तिच्याच वेळेला लॅबमध्ये गेले, तिच्याच खुर्चीत बसले आणि ईमेल उघडलं. बटन गायब. माझा नवरा घरी धडधाकट घोरत होता, तरी गायब.

मग मी प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये शिरले. जोडलेल्या प्रोग्रामांच्या पानावर साध्या भाषेत सूचना होती: ही जोडणी उघडायला वेळ लावते, म्हणून बंद केली आहे. बाजूलाच ती परत चालू करायची सोय. गुरूंचा सगळा स्पर्शयोग तो एवढाच.

पण वेळ का लागत होता? ईमेल उघडलं की ती जोडणी आधी मुख्य कॉम्प्युटरला हाक मारते, कारण अहवाल तिथे असतात. तो मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये. वीज वाचावी म्हणून हल्ली ते रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने तो बंद करतात आणि सकाळी आल्यावर चालू करतात. बाकी सगळे त्यांच्यानंतर येतात. वहिनी मात्र आधी यायची, रात्री आलेल्या पेशंटच्या मेलना उत्तरं द्यायला. जोडणी हाका मारून दमायची, ईमेलचा प्रोग्राम कंटाळून तिला बंद करायचा, आणि एकदा बंद केलेली जोडणी आपोआप चालू होत नाही. ती लवकर यायची, एवढाच तिचा गुन्हा.

पुढच्या सकाळी मी सगळ्यांना लवकर बोलावलं, गुरूंनाही. केबिनच्या दारात आडवी उभी राहिले आणि रोखपालाला म्हटलं, "उघड तुझं मशीन."

त्याने उघडलं. बटन गेलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आता तुम्ही, सर. बसा वहिनीच्या मशीनवर. कालच मी त्याचं बटन परत आणलंय, आणि ती आज या इमारतीत नाही."

मोठ्या डॉक्टरांनी उघडलं. त्यांच्याही हातून गेलं.

"तिच्या लहरी भिंतीत मुरल्या आहेत," गुरू म्हणाले.

"भिंत राहू द्या. सर, केबिन उघडा आणि मुख्य कॉम्प्युटर चालू करा."

त्यांनी तो चालू केला. मी दार सताड उघडं ठेवून, सगळ्यांदेखत, सेटिंगमध्ये जाऊन जोडणी चालू केली. बटन आलं. ईमेल बंद करून परत उघडलं, तरी बटन जागच्या जागी. सगळं सांगून मी मागे वळले, तर गुरू जिन्यात पोचले होते. मी वरून ओरडले, "बटन मी आणलं, दक्षिणा माझी झाली का?" ते थांबले नाहीत.

"हे बघा," मोठे डॉक्टर घसा साफ करत म्हणाले, "वहिनींना निरोप द्या. उद्यापासून येऊ दे."

"निरोप मी नेणार नाही. सगळ्यांसमोर घरी बसवलंत, आता घरी येऊन सांगा."

मी घरी जाऊन वहिनीला सगळं समजावलं. तिने ते दोनदा ऐकलं आणि मग विचारलं, "म्हणजे माझ्यात काही नाही ना, नक्की?" लेकीची परीक्षा चालू होती म्हणून वहिनीने तिची वेणी घालायचंही सोडलं होतं. आपला हात लागला तर पोरीचा पेपर बिघडेल, अशी भीती तिला बसली होती. मला रडू आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "गैरसमज झाला. उद्यापासून या."

"येते," वहिनी म्हणाली. "पण आज बटन तुमच्या हातून गेलं. तुम्हाला कुणी घरी बसवलं का?"

ते वाकून चपला शोधू लागले.

तुमच्याकडेही उद्या काहीतरी बिघडेल. मशीन बंद पडेल, मूल आजारी पडेल, धंदा बसेल. आणि कुणीतरी एखाद्या बाईकडे बोट दाखवेल. तेव्हा तेच काम, त्याच वेळी, स्वतःच्या हाताने करून बघा. एवढीही तसदी घ्यायची नसेल, तर निदान तोंड बंद ठेवा.