डब्यातलं जादा अंडं

“आजी, ते अंडं खायचंय, त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं नाहीये,” नर्सने तिसऱ्यांदा सांगितलं.

म्हाताऱ्यांच्या वॉर्डातल्या या नर्सला सगळे हवालदार म्हणत. जेवणाच्या वेळी तिचा ताटांवर पहारा असे. कुणी डाळ बाजूला सारली, दूध बेसिनमध्ये ओतलं, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. या वयात अंगावरचं मांस झडतं, चहा-बिस्किटांवर पाय उभे राहत नाहीत, पडाल, हाडं मोडाल आणि याल पुन्हा आमच्याच गळ्यात! सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तरी ती रोज ओतायची.

दुपारी तिने डबा उघडला तशी मोठ्या सिस्टर हसल्या. “रोज दोन-दोन अंडी? पहिलवान व्हायचंय की काय?”

“दोन कुठली? मी एकच घालते.”

पण डब्यात दोन होती. फोनवर बोलत, उभ्या उभ्या घास कोंबताना ती कधी डब्यात बघतच नसे. डबा ती भरायची, पण झाकण आई लावायची. म्हणे तुझं झाकण घट्ट बसत नाही! आणि आई का वाळत चालली म्हणून हिने तीनदा रक्त तपासून आणलं होतं, डॉक्टरांच्या नावाने खडे फोडले होते. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

घरी पोचल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. “आई, तुझं अंडं माझ्या डब्यात येतं कसं?”

“तू दिवसभर उभी असतेस गं. मला बसून काय करायचंय?”

“बसूनच राहशील ना अशाने! मी बारा तास ड्यूटीवर. तू पडलीस तर उचलणार कोण?”

“चाळीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाढलं मी. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते आपलं. आता सवय जाते का?”

“अगं, घरात आपण दोघी! कुणाचं व्हायचं राहिलंय?”

आई खुर्चीत बसल्या बसल्या पदर सारखा करू लागली. हवालदाराचा पारा मात्र उतरेना. “उठून दाखव. हात छातीशी धर, कुठे टेकायचे नाहीत.”

“त्यात काय मोठंसं!” आईने हात बांधले, पुढे झुकली आणि धपकन परत बसली. पुन्हा झुकली, पुन्हा बसली.

“खुर्चीच मेली बुटकी आहे,” ती म्हणाली.

खुर्ची चांगली उंच होती. दोघींनाही ते ठाऊक होतं. आईने तिसऱ्यांदा जोर केला, मांड्या थरथरल्या, चेहरा लाल झाला. तरी ती खुर्चीतून सुटली नाही.

मग आईने छातीशी बांधलेले हात सोडले. त्यातला एक तिने पुढे केला, तळवा वर. जन्मभर वाढणाऱ्या या बाईला कुणाकडे काही मागताना लेकीने कधी पाहिलं नव्हतं.

“जरा धर गं,” आई म्हणाली.