हार्लशॉच्या गिरणीतला धोटा

मी एक जुना धोटा आहे. अंग कठीण लाकडाचे, दोन्ही टोके पोलादी. पोटात सुताची कांडी घेऊन मागाच्या या काठावरून त्या काठावर धावायचे आणि पोहोचताक्षणी परत फिरायचे, एवढेच मला येते. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. म्हणून मित्रांनो, माझी गोष्टही मी जरा धावतच सांगतो.

हार्लशॉ गाव मूळचे बाजाराचे. चौकात मेंढ्या, लोकर आणि चीज विकले जाई. गिरण्या नंतर आल्या, ओढ्याकाठी, आपापली धुराडी घेऊन. घरोघरचे हातमाग माळ्यावर धूळ खात पडले आणि सारे गाव भोंग्यावर उठू लागले. मी आलो तेव्हा गिरणीत असा खडखडाट असे की शेजारणीची हाक ऐकू येणे अशक्य. पण आमच्या बायका थोड्याच गप्प बसणार! त्या आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत. कुणाचे लग्न ठरले, कुणाची सासू खाष्ट, सगळे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहोचे.

माझी मालकीण हेट्टी ऑर्मरॉड यात पटाईत. नवी कांडी भरली की ती माझ्या भोकाला ओठ लावून धागा ओढून घेई, आणि तेवढ्या वेळातही तिचे डोळे भिरभिरत असत.

उन्हाळ्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद आणि सगळे गाव आगगाडीने समुद्रावर, असा आमचा रिवाज. त्या सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रिचेट मॅनेजर एका पाहुण्याला घेऊन कचेरीत शिरले. कुणी ऐकू नये म्हणून त्यांनी दार घट्ट लावले. दार, मित्रांनो! जिथे तोफ उडाली तरी कळले नसते, तिथे! आणि कचेरीला समोर भली मोठी काच.

हेट्टीने काचेतूनच त्यांचे ओठ वाचले. शेजारच्या मागावरच्या बेसीकडे वळून तिने ओठ हलवले, "अगं, आपण समुद्रावर गेलो की हे माग फोडणार आहेत. भंगारात घालणार!"

"काहीतरीच! नीट वाचलंस का?"

"मिशा असत्या तर चुकले असते. सफाचट आहे मेला."

सुट्टीचा भोंगा होण्याआधी बातमी गिरणीभर झाली. हेट्टीने मला एप्रनच्या खिशात टाकून घरी नेले. मला काही सुचेना. मागच राहिला नाही तर धोट्याने धावायचे कुठे?

सोमवारी हातोडेवाले आले, तेव्हा फाटकात सारे गाव उभे होते. हातात समुद्रावर न्यायच्या बॅगा तशाच.

"अजून गेला नाहीत? गाडी चुकेल ना!" प्रिचेट ओरडले.

बायकांनी त्यांना उत्तर दिले, पण नुसत्या ओठांनी. साहेब या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना एक अक्षर कळेना. हातोडेवाल्यांतला पुढचा दांडगा तरुण मात्र खुदकन हसला आणि लगेच लालबुंद झाला.

हेट्टीने ते बरोबर हेरले. आवाज न काढताच ती त्याला म्हणाली, "वाचता येतंय होय रे? म्हणजे तुझी आई मागावरचीच. तिला विचारून आलायस का लेका?"

त्याने हातोडा जमिनीवर टेकवला.

"नाही हो मावशी," तोही ओठांनीच म्हणाला आणि मागे फिरला. त्याच्यामागे बाकीचेही गेले.

माग वाचले. कायमचे नाही. काही वर्षांनी हातोडे आलेच, पण तेव्हा सगळ्यांना सांगून, दिवसाढवळ्या आले. हेट्टीने आपला माग स्वतः पुसला आणि मगच ती बाजूला झाली. मला फार रडू आले.

आता मी बाजारात, जुन्या वस्तूंच्या फळीवर पडून असतो. मुले मला उचलतात आणि विचारतात, "ही होडी आहे का?" लोक मला वार्निश लावून दिवाणखान्यात ठेवायचे म्हणतात, तेव्हा माझा जीव गुदमरतो. मित्रांनो, कुठे एखादा माग चालत असेल तर मला तिथे न्या. मला जपायचेच असेल, तर मला दमवा.