बाबुलालच्या कागदांची थैली

थैली आहे मी, गोकुळाबाईच्या खांद्यावरची. माझं कापड हिरव्या लुगड्याचं. ते लुगडं तिच्या आईचं, कमळाबाईचं. कमळाबाईला तिच्याच मुलाने मारलं, आणि त्याच मुलाचे कागद मी नऊ वर्षं वाहतेय.

आधी ते घडलं कसं, ते सांगते. आलापल्लीकडच्या जंगलात, तलावावर मासोळ्या धरून जगणारं आमचं गाव. गोकुळाबाईचा धाकटा भाऊ बाबुलाल तिथे जाळी विणायचा. तिशीत त्याला कुणाकुणाचे आवाज ऐकू यायला लागले. खाणं सुटलं, झोप उडाली. घरच्यांनी अंगारा लावला, दोरे बांधले. दवाखाना तेवढा केला नाही. एका सकाळी त्याने चुलीपुढे बसलेल्या आईकडे पाहिलं, "हे माही माय नाई," म्हणाला आणि कुऱ्हाड उचलली.

कोर्ट म्हणालं, हे आजाराच्या भरात घडलं, आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो गुन्हेगार नाही. गोकुळाबाईला वाटलं, सुटला. पण निर्दोष ठरलेला बाबुलाल तिथून थेट मनोरुग्णालयात गेला, कुलपाआड. शिक्षा झालेल्याला निदान सुटकेची तारीख असते. याच्या कागदावर तीही नव्हती.

त्याच आठवड्यात गोकुळाबाईने आईची पेटी उघडली आणि मला शिवायला घेतलं. शेजारची गुलाबबाई दारातून म्हणाली, "मायच्या लुगड्याची थैली, अन् तेही त्याच्यासाठी?"

दाताने दोरा तोडत गोकुळाबाई म्हणाली, "मायचाच तं पोरगा आहे तो."

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर सहा महिन्यांनी बाबुलालच्या प्रकृतीचा आढावा. दुसऱ्या वर्षीच डॉक्टरांनी लिहिलं होतं, तब्येत स्थिर आहे, नातेवाइकाने हमी घेतली तर घरी सोडता येईल. पण कधी एखादी झेरॉक्स कमी पडे, कधी साहेबांची बदली झालेली असे. एकदा कारकुनाने गावाची हरकत नसल्याचं पत्र मागितलं. कायद्यात तसं काही नव्हतं, पण ते सांगणार कोण? मच्छीमार सोसायटीचे झिंगूभाऊ म्हणाले, "बाई, तुही माय गेली. आमची लेकरं कायले जाऊ देऊ?" ते पत्र मिळायला दीड वर्ष गेलं.

सहाव्या वर्षी तो घरी आला. अटी माझ्या पोटात होत्या. दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यातून गोळ्या घ्यायच्या, ठाण्यात सही करायची, आणि त्रास वाढतोय असं वाटलं तर लगेच कळवायचं.

गोळी गिळली की बाबुलाल आ करून बहिणीला तोंड दाखवायचा. वॉर्डातली सवय. ती तोंड फिरवायची. "मले नको दाखवू रे," म्हणायची. तो दिवसभर पडवीत जाळं विणायचा. ते जाळं न्यायला माणसं मागच्या दाराने यायची. तलावावर मात्र त्याला कोणी उभं करत नसे. ठाण्यातला शिपाई दर महिन्याला विचारायचा, "काय बे, या महिन्यात कोनाले?" सगळे हसायचे. बाबुलाल खाली मान घालून सही करायचा.

वर्ष असंच गेलं. मग दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या. "वरून आल्या नाईत, पुढच्या हप्त्यात या." आम्ही पुढच्या हप्त्यात गेलो, त्याच्या पुढच्याही. दर वेळी 'औषध उपलब्ध नाही' अशी शिक्क्याची चिठ्ठी माझ्यात पडायची. दोन महिन्यांत पाच चिठ्ठ्या झाल्या.

एका दुपारी बाबुलालने हातातलं जाळं खाली ठेवलं. "बाई, मले पुन्हा कोनी बोलावून राह्यलं. तू माह्यापासून लांब बस. अन् मले ठाण्यात घेऊन चाल."

बसमध्ये ती त्याच्या शेजारीच बसली. मला तिने मांडीवर घेतलं होतं.

ठाण्यात त्याने हात जोडले. "साहेब, गोळ्या नाई भेटल्या. माहं डोकं बिघडून राह्यलं. कोनाले काही होण्याच्या आधी मले दवाखान्यात पोचवा."

त्या दिवशी कोणी हसलं नाही. दोन शिपायांनी त्याचे हात बांधले. गोकुळाबाईने घाईघाईने माझ्यातून चिठ्ठ्या काढल्या. "हे पाहा न भाऊ, गोळ्याच नवत्या."

"ते आमच्याकडे नाई येत, बाई."

अहवालात तीन ओळी होत्या. इसम पुन्हा हिंसक होण्याची शक्यता. नातेवाइकाची देखभालीत कसूर. हमी रद्द व्हावी. तो स्वतःच्या पायांनी आला होता, हे कुठेच नव्हतं. अट त्यानेच पाळली होती, हेही नव्हतं.

हमी रद्द झाली आणि बाबुलाल पुन्हा मनोरुग्णालयात, कुलपाआड गेला. या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात पुन्हा आढावा होता. टेबलामागे आढावा घेणारे तिघे साहेब, समोर बाबुलाल, मागच्या बाकावर गोकुळाबाई, तिच्या मांडीवर मी. तिने उठून चिठ्ठ्या पुढे केल्या. "बाई, आढावा पेशंटचा आहे, दवाखान्याचा नाही," एक साहेब म्हणाले. तसे ते बोलायला मऊच होते.

मग त्यांनी बाबुलालला विचारलं, "घरी सोडलं आणि पुन्हा आवाज ऐकू आले, तर काय करशील?"

त्याने मागे वळून बहिणीकडे पाहिलं. गोळ्या लागू पडल्या होत्या, नजर स्वच्छ होती.

"कोनालेच नाई सांगणार, साहेब."

साहेबांनी लिहिलं: आजाराची जाणीव नाही. पुढील आढावा सहा महिन्यांनी.

तो नवा कागदही आता माझ्यात आहे. माझे बंद विरलेत, तळ दोनदा शिवून झालाय. आणखी किती कागद पेलवतील, सांगवत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी त्या टेबलामागे बसलं, तर एवढंच करा. तो खरं का सांगत नाही, हे त्याला विचारू नका. त्याने खरं सांगितलं होतं तेव्हा त्याचे हात कोणी बांधले, ते विचारा.