सोबत म्हणून

शाळेतल्या बाईंच्या चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू सैल झाला होता — मान खाली गेली की चष्मा एका बाजूने घसरायचा आणि त्या बोटाने वर ढकलायच्या — मागे बसलेल्या तिची नजर तिथेच अडकली होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात कामाला उभं राहणाऱ्या तिला दुसरं काय दिसणार, शिवाय स्क्रूकडे पाहिलं म्हणजे फळ्यावरचं 'कॉलेजसाठी आर्थिक मदत : आतापासून तयारी' वाचावं लागत नव्हतं.

"कॉलेजला अजून दीड वर्ष आहे," बाई सांगत होत्या, "पण ऐन वेळी धावाधाव नको. उत्पन्नाचे कागद आत्तापासून जमवा. आणि आज नावं द्या, म्हणजे पुढचं सगळं आपण मिळून करू."

शेजारी लेक भराभर लिहून घेत होती. कशी बसते ही, ताठ मानेने... मी मात्र मागची रांग शोधली, खांबाचा आडोसा शोधला. मदत — शब्द साधाच, पण काट्यासारखा. आपल्या घराने कुणापुढे हात पसरलेला नाही, असं सासरे म्हणायचे, आणि नवरा अंथरुणाला खिळला तेव्हाही तिने ते वाक्य जिवापाड जपलं होतं, झाकली मूठ, झाकली मूठ...

दार उघडलं. थोरली जाऊ! तेच परीटघडीचे कपडे, खांद्याला फुगलेली पिशवी. हिचं इथे काय काम — थोरल्या दिरांचं तर स्वतःचं दुकान... जाऊ जवळ येऊन थबकली.

"अगं, तू इथे?"

"छे हो ताई, मी कसली! हिच्या मैत्रिणीची आई एकटी होती, सोबत म्हणून आले." वर ती हसलीसुद्धा. "आपल्याला काय गरज?"

लेकीचं पेन थांबलं.

"तेच तर," जाऊ म्हणाली. पिशवी तिने पोटाशी घट्ट धरली. "मीही सहजच डोकावले. आमचे चिरंजीव कुठे दिसतात का बघायला." आणि ती वळून निघून गेली.

"आई," लेक फळ्याकडे बघतच म्हणाली, "काकू यासाठीच आली होती."

"काहीतरीच."

"काकांचं दुकान बंद झालंय. दादानेच वर्गात सांगितलं मला. आजचं मीच त्याला कळवलं होतं."

सहजच... त्या आजारपणात जाऊ रोज डबा घेऊन यायची, दारातूनच म्हणायची, सहजच गं, जास्तीचं झालं होतं; आणि रोज एवढं जास्तीचं कसं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. घेत राहिले. ती माझी लाज राखत होती आणि मी तिची... मी तिला बसूसुद्धा दिलं नाही.

लेक उठली. आईकडे न बघता पुढे गेली आणि बाईंना स्वच्छ आवाजात नाव सांगू लागली.

मागच्या रांगेतून उठून ती एकटीच बाहेर आली. व्हरांड्याच्या कठड्यावरून खाली जाऊ दिसली, फाटकाशी उभी, बाहेरही न पडणारी. हाक मारावी... पण काय म्हणून? वर चला म्हणावं, तर दुकानाचं कळलंय हे उघडच होणार, म्हणजे तिचंच झाकलेलं आपण चव्हाट्यावर आणायचं. तेवढं टाळायचं तर आधी स्वतःचं सांगायला हवं. ताई, मी खोटं बोलले. मी माझ्याच लेकीसाठी आले होते. साधी दोन वाक्यं — ओठ हलले, आवाज फुटला नाही, पुन्हा हलले. लाजेने कान तापले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते लपवायला तिचा हात वर गेला नाही. कठडा धरून ती जिन्याकडे सरकत राहिली, तीच दोन वाक्यं जिभेवर घोळवत, जाऊ एवढ्यात निघून जाईल की काय या भीतीने, आणि — हेही तिला कळत होतं — निघून गेली तर बरं, अशा आशेनेही.