भिडेपायी आलेली खुर्ची

इडवल प्रॉसरला आमच्या खोऱ्यात कोणी वाईट म्हणणार नाही. पस्तीस वर्षं बस चालवली, आणि धावत येणाऱ्या माणसाला सोडून एकदाही निघाला नाही. भीड भिकेची बहीण, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी वाचनालयात सल्ल्याच्या टेबलाशी बसतो. सल्ला फुकट, म्हणून फारसं कोणी ऐकत नाही. त्या गुरुवारी इडवलला पुढे घालून त्याची बायको मेना आली.

"सांग एमलिनला," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"खुर्ची घेतली," इडवल म्हणाला. "पाठ चोळणारी. फोनवरून. चोवीसशे पौंड, चार वर्षांचे हप्ते."

"मी चार दिवस बहिणीकडे काय गेले! या हप्त्यांत आमची टेन्बीच्या समुद्रकाठची सुट्टी जाते. चार उन्हाळे."

"मग परत कर की," मी म्हणालो.

"तीनदा फोन केला त्यासाठी."

"पहिल्या फोनला पायाखालचं स्टूल घेतलं," मेना म्हणाली. "दुसऱ्याला जादा वॉरंटी. तिसऱ्याला चामड्याचं पॉलिश."

"फोनवरची ती जोआन गुणी पोरगी आहे गं. तिला नाही कसं म्हणायचं?"

मी कागद पाहिले. कर्जातून माघार घ्यायचे चौदा दिवस उलटले होते, आणि तेवढं वाचूनच मेनानं हाय खाल्ली होती. पण नुसतं कर्ज मोडून काय होणार? खुर्चीचे पैसे द्यावेच लागले असते. फोनवरून घेतलेल्या मालाचे चौदा दिवस वेगळे. ते माल घरी आल्यावर सुरू होतात. आणि मालाची खरेदी रद्द झाली, की त्यासाठी काढलेलं कर्जही मोडतं.

"खुर्ची आली कधी?"

"दोन तारखेला."

भिंतीवरच्या कॅलेंडरात सोळा तारीख होती. शेवटचा दिवस.

"फोनला हात लावू नकोस. लिहून कळव, म्हणजे पुरावा राहतो," असं म्हणून मी त्याला संगणकासमोर बसवलं. वीस मिनिटांनी मजकूर तयार झाला: 'प्रिय जोआन, कामाच्या गडबडीत त्रास देतो, माफी असावी. खुर्ची फारच सुंदर आहे. तरी सवडीनं, तुमची अडचण होणार नसेल, तर ती परत घेण्याचा विचार कराल का?'

"हे वाचून ती तुला दुसरी खुर्ची पाठवेल," मी म्हणालो. "विचारायचं नाही, सांगायचं. खुर्ची आणि तिच्याबरोबरचं सगळं रद्द करत आहे. संपलं."

त्यानं एकेक अक्षर दाबत ते लिहिलं. "'कृपया' तरी घालू?"

"एकच," मेना म्हणाली.

ई-मेल गेला. पाच मिनिटांत इडवलचा फोन वाजला. जोआनच होती. मेनानं डोळे मिटून घेतले.

इडवल उठून खिडकीपाशी गेला. जोआनच्या आईची, कुत्र्याची, नव्या घराची चौकशी झाली. तिकडून निम्म्या किमतीची गोष्ट निघाली असावी, कारण त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "नको, बाळा. मी लिहिलंय तसंच." आणि फोन ठेवून खुर्चीत मटकन बसला, वाचनालयाच्या, लाकडी.

"काय घेतलंस?" मेनानं विचारलं.

"काही नाही. सोमवारी गाडी येतेय न्यायला."

"मग सोमवारपर्यंत कोणी बसायचं नाही त्या खुर्चीत. झीज झाली तर पैसे कापतात."

"आज एकदाच?"

"इडवल."

"बरं," तो म्हणाला.