केकवरची नावं

मी रेल्वेच्या नांदेड विभागीय कार्यालयात कारकून आहे. त्यामुळे आमच्या घराण्यात असा समज आहे की जगातलं कुठलंही तिकीट फक्त मलाच काढता येतं. माझ्या धाकट्या भावाच्या, वैजनाथच्या डोक्यात क्रूझचं खूळ शिरलं तेव्हा ते लचांड आपोआप माझ्याच गळ्यात आलं. मुंबईहून निघायचं, गोवा करत लक्षद्वीपला जायचं, पाच रात्री जहाजावर. वैजनाथ चाकूरला सोयाबीन पिकवतो आणि गावच्या तलावापेक्षा मोठं पाणी त्याने पाहिलेलं नाही. सगळा खर्च माझा, तू फक्त बुकिंग कर, असं तो म्हणाला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. हा माणूस लग्नात आहेराचं पाकीट देताना सुद्धा दोनदा आत डोकावून बघतो.

जाणारे आम्ही सहा जण. वैजनाथ, वहिनी आणि त्यांची एकुलती एक वर्षाराणी. ती बावीस वर्षांची, लातूरला होस्टेलवर राहून नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आमच्याकडून मी आणि माझी दोन मुलं. माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. सत्यम चोवीस वर्षांचा, औषधांच्या कंपनीत एमआर. आरती सोळाची, अकरावीत.

खरं सांगते, पहिल्या दिवसापासून मला या सहलीचा वीट आला होता. एजंटाने पाठवलेले फोटो मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. एवढंसं पोहण्याचं टाकं आणि त्यात डबक्यातल्या म्हशींसारखी खेटून बसलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात ग्लास. जेवणाच्या टेबलावर कोळंब्यांचा ढीग, त्याला लागून केक, त्याला लागून छोले, आणि एका बाईच्या ताटात तिन्ही एकावर एक. आरतीला एकच काळजी होती, समुद्रात नेट चालतं का. सत्यमने कॅसिनोची चौकशी केली. चादरी आपल्या न्यायच्या का, आधी त्यांच्यावर कोण लोळलं असेल कुणास ठाऊक, असं वहिनीने विचारलं. साऱ्या ग्रुपमध्ये तेवढाच एक शहाणपणाचा प्रश्न. आणि वैजनाथने आवाजी मेसेज टाकला की तिथं तंबाखू थुंकायचा कुठं. मग उत्तरही त्यानेच दिलं, समुद्र एवढा मोठा हाय की. मी जेवत होते. हातातला घास ताटात टाकून उठले.

हे सगळं मी सोसलं ते वर्षाराणीसाठी. दिवाळीत वैजनाथने तिच्यासाठी तिसरं स्थळ आणलं. तिने नाही म्हटलं, कारण हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी मिळायची होती. त्यावरून बापलेकीचं बोलणं बंद झालं. जहाजावर यायला ती तयार नव्हती, तिथेही लग्नाचंच दळण दळतील म्हणाली. मग मी लातूरला तिच्या होस्टेलवर गेले आणि तिला शब्द दिला, की पाच दिवसांत लग्नाचा विषय कुणी काढणार नाही, काढला तर मी बघून घेईन. तेव्हा कुठे ती हो म्हणाली.

मार्चमध्ये एका दुपारी ऑफिसात एजंटाचा फोन आला. साखरपुड्याच्या केकवर नावं मराठीत घालायची की इंग्रजीत, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुम्ही चुकीच्या माणसाला फोन लावलाय. नाही मॅडम, तुमचंच बुकिंग आहे, तो म्हणाला. वैजनाथने मला न सांगता त्याला परस्पर फोन केला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या डेकवर फुलांची सजावट, केक आणि फोटोवाला. नावंही दिली होती. सत्यम आणि वर्षाराणी.

इथे एक गोष्ट लपवता येईल, पण लपवत नाही. अर्धा मिनिट मला आनंद झाला. वर्षाराणी माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, कुणी परकी नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी खुर्चीत हसले. आमच्याकडे भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क धरतात. तिच्या बारशाला मीच तिच्या कानात नाव सांगितलं होतं, आणि पाठीवर धपाटे खात सगळ्या बायकांसमोर म्हटलं होतं की ही माझी सून. तेव्हा सत्यम दोन वर्षांचा होता आणि पाळण्याखाली बसून माती खात होता. बोलायची रीत म्हणून बोलले, आणि वैजनाथने ते बावीस वर्षं जपून ठेवलं. हसू थांबल्यावर मला माझीच किळस आली. त्या मुलीला मी शब्द देऊन आले होते, आणि तिच्याविरुद्ध शिजलेल्या कारस्थानावर मी खुर्चीत बसून हसत होते.

मी वैजनाथला फोन लावला. त्याला जराही लाज वाटली नाही. आपली पोरगी आपल्यातच राहते, हैदराबादचं खूळही परस्पर मिटतं, असं तो समजावत होता. मी म्हटलं, मला हे मान्य नाही. तो हसला. मी विचारलं, एवढंच करायचं होतं तर चाकूरला मांडव का नाही घातला, जहाज कशाला पाहिजे?

"इथं इषय काढला की पोरगी होस्टेलला पळती, आक्का," तो म्हणाला. "तिथं कुठं जाईल? चारी बाजूला पानी."

सख्ख्या बापाने असं बोलावं, आणि ते बोलताना मधे थांबून तंबाखूची पिंक टाकावी. फोन ठेवल्यावर मी नळावर जाऊन कान धुतला. वेड्यासारखं होतं, पण धुतला.

संध्याकाळी जेवताना मी सत्यमला विचारलं. त्याला काही माहीत नसेल, तो माझ्यासारखाच चिडेल, अशी माझी खात्री होती. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला की मामाने त्याला महिन्यापूर्वीच विचारलं होतं आणि त्याने हो म्हटलं होतं. मुलगी दिसायला बरी आहे, पुढेमागे मामाची जमीनही तिचीच. नांदेडला काय दवाखाने नाहीत का.

"तिला इचारलंस का?" मी म्हटलं.

"इचारायचं काय त्यात? घरातलीच हाय."

तो पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवत होता. या पोराचं मी सगळं काढलं. गोवर आला तेव्हा रात्रंदिवस त्याची ओकारी ओंजळीत झेलली आणि कधी नाक मुरडलं नाही. त्या संध्याकाळी मात्र, त्याचं ते चावणारं तोंड बघून, मला शिसारी आली. आई असून आली. आरतीने एकदा भावाकडे बघितलं, आपलं ताट उचललं आणि आत निघून गेली.

सकाळी सत्यम मोटारसायकल काढून निघाला. कुठे जातो ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी रजा टाकली आणि लातूरची एसटी पकडली. पुढच्या सीटवरच्या माणसाने अहमदपूरच्या अलीकडे खिडकीतून उलटी केली आणि तिचे शिंतोडे माझ्या काचेवर उडाले. एरवी मी कंडक्टरशी भांडले असते. त्या दिवशी तिकडे बघत बसले. चाकूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, पण मी खाली पाय ठेवला नाही.

होस्टेलच्या भेटीच्या खोलीत वर्षाराणी आली, पांढऱ्या गणवेशातच. तिला कसं सांगायचं याची मी वाटभर जुळवाजुळव केली होती. तिने मला बोलूच दिलं नाही.

"माहीत हाय मला, आत्या. काल संध्याकाळी पप्पांचा फोन आल्ता."

माझ्या फोननंतर वैजनाथला बिंग फुटणार हे कळलं होतं. म्हणून त्याने माझ्याआधी तिला गाठलं, आणि हे सारं आत्याच्याच मनात आहे असं सांगितलं. आत्याचे मालक गेल्यापासून ती एकटी पडली आहे, तिला घरात हक्काचं माणूस हवंय, स्वतः मागायला लाजते म्हणून जहाजाचा घाट घातला. माझ्या एकटेपणाचा असा वापर त्याने केला होता, आणि त्यातलं निम्मं खरं होतं, याचाच मला जास्त संताप आला.

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस.

"हो म्हनले." ती हातातल्या घड्याळाचा पट्टा काढघाल करत होती. "आधी लई राग आला तुमचा. शब्द देऊन गेल्ता तुमी. मग वाटलं, आत्यानं आजवर काहीच मागितलं न्हाई आपल्याला. आज पाचच्या आत हैदराबादला कळवायचंय. येनार न्हाई म्हनून लिहून ठेवलंय."

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. इंग्रजीतल्या चार ओळी, फक्त पाठवायच्या राहिलेल्या. मी म्हटलं, मी काही मागितलेलं नाही, मला कालच कळलं, तू बापाला सरळ नाही म्हण. ती कोरडं हसली. तीनदा म्हणून बघितलं, म्हणाली. तुमच्या नावावर एकदा हो म्हटल्यावर चौथ्यांदा कोण ऐकतं.

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे मुलीने नाही म्हटलं तर तो हट्ट, आणि तो मोडून काढायचा असतो. मुलाच्या आईने नाही म्हटलं की बोलणी संपतात, पुन्हा कुणी तोंड उघडत नाही. शिकलेल्या, उद्या माणसांचे प्राण वाचवणाऱ्या मुलीच्या नाहीला काडीची किंमत नाही, आणि माझ्यासारख्या कारकून बाईच्या नाहीला आहे, ते मी मुलगा जन्माला घातला म्हणून. या रीतीची घाण वाटत होती, आणि हाताशी दुसरं काहीच नव्हतं. मी वैजनाथला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे तिलाही ऐकू येईल.

"वैजनाथ, तुझी पोरगी मला सून म्हनून नको," मी म्हटलं. "हे माझं शेवटचं."

मग त्याचा आवाज चढला. भावकीला सगळं सांगून बसलोय म्हणाला. सख्ख्या आत्याने पोरगी नाकारली म्हटल्यावर तिला दुसरीकडे कोण पत्करेल? पुन्हा या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, असंही म्हणाला. ते मी ऐकून घेतलं. शेवटी त्याने तो प्रश्न विचारला, जो मुलीचे बाप अशा वेळी विचारतातच.

"पोरीत खोट काय हाय, तेवढं सांग."

वर्षाराणी माझ्याकडे बघत होती. रंग, उंची, पत्रिका, काहीही सांगितलं असतं तरी त्याचं समाधान झालं असतं. अशी उत्तरं तयारच असतात, आणि लोक ती पुढे वर्षानुवर्षं त्या मुलीच्या मागे लावतात.

"पोरीत न्हाई," मी म्हटलं. "खोट माझ्या पोरात हाय. बाईला इचारावं लागतं, एवढंबी त्याला ठाव न्हाई. जमीन बघून हो म्हनतो. असल्या पोरासाठी मी कुनाचीच लेक करून आननार न्हाई, तुझी तर न्हाईच."

पलीकडून बोलला तो सत्यम. तो मामाच्या घरात, फोनच्या शेजारीच बसला होता.

"आई," तो म्हणाला. तेवढंच.

तो तिथे आहे हे माहीत असतं तर मी हे बोलले असते का, मला सांगता येत नाही. पण बोलून झालं होतं आणि खोटं एक अक्षर नव्हतं.

"ऐकलंस ना?" मी म्हटलं. "मग बरं झालं."

मी फोन ठेवला. वर्षाराणीने डोळ्यांना लावायला पदर नव्हता म्हणून गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले. मग तिने त्या चार ओळी खोडल्या आणि नवीन लिहायला घेतलं. माझा फोन पुन्हा वाजला, पडद्यावर सत्यमचं नाव होतं. तो वाजत राहिला आणि तिचं लिहून होईपर्यंत मी उचलला नाही.